बैल थकल्यानंतर

कर्वेनगरातला माणूस वाघोलीला राहायला गेला, तर त्यामागे साधारण दोन कारणं असतात. एक तर त्याने तिथे स्वस्तात प्लॉट घेतलेला असतो, किंवा त्याला कुणीतरी फसवलेलं असतं. बऱ्याचदा ही दोन कारणं मिळून एकच असतं. आम्ही मात्र सेवेला गेलो. असं सांगितल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आदर उमटतो आणि तो ताबडतोब विषय बदलतो.

सेवा होती सातघर मंडळाची. हे मंडळ माझ्या बायकोच्या, म्हणजे सुशीलाच्या, माहेरचं. पाच पिढ्यांपूर्वी एका मोठ्या दुष्काळात वऱ्हाडातली सात कुटुंबं एका गाडीत भांडीकुंडी टाकून पायी पुण्याला निघाली. वाघोलीजवळ आल्यावर गाडीचा बैल मेला. तेव्हा कोंडीराम नावाच्या मूळपुरुषाने जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि गाडी पुण्यात आणली. त्या सात घरांची आता पुणेभर इतकी घरं झाली आहेत की, लग्नाच्या पत्रिका वाटायला स्वतंत्र समिती लागते. आणि दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी हिंजवडीला नाहीतर खराडीला कॉम्प्युटरसमोर बसलेलं आहे. एसीत बसून अमेरिकेची कामं करणाऱ्या या मुलांना आपले पूर्वज कसे चालत आले ते कळावं, म्हणून मंडळाने वाघोलीला दगडखाणीशेजारी थोडी जागा घेतली. तिथे एक पत्र्याची शेड आहे, एक हातपंप आहे आणि गाडी ओढणाऱ्या कोंडीरामांचा फायबरचा पुतळा आहे. पुतळ्यातल्या कोंडीरामांचे दंड बघितले, तर दुष्काळाविषयी शंका येते.

दर हिवाळ्यात इथे मुलांना आणून अनुभव पदयात्रा काढतात. शेडपासून रानातून निघायचं, हमरस्त्यावर थोडं चालायचं आणि देवळापाशी थांबायचं. पाव मैल बैल गाडी ओढतो, मग तो मेला असं समजायचं आणि पुढे पुरुषांनी ओढायची. या सगळ्याची व्यवस्था बघायला त्या मोसमापुरतं एक निवृत्त जोडपं शेडमध्ये राहायला जातं. त्याला सेवेकरी जोडपं म्हणतात. पदयात्रेत नवऱ्याने कोंडीराम व्हायचं, बायकोने त्यांची पत्नी कौशल्या. हा मान एका जोडप्याला जन्मात एकदाच. दुसऱ्यांदा कुणी मागितला होता असंही ऐकिवात नाही.

आमची निवड झाल्याचा फोन आला, तेव्हा सुशीला मेथी निवडत होती. मी सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"मला गाडी ओढायची आहे," ती म्हणाली.

"कुठली गाडी?"

"कोंडीरामाची. आजी सांगायची, गाडी कौशल्याबाईनं ओढली. कोंडीरामाच्या पायाला कुरूप होतं. ते गाडीत बसून आले."

"तुझ्या आजीला काय माहीत?"

"तिच्या सासूनं सांगितलं. तिला खुद्द कौशल्याबाईनं. तुम्हाला कुणी सांगितलं, की कोंडीरामानं ओढली?"

मला पुतळ्याने सांगितलं होतं. पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

"पण मंडळात बायकांनी मागून कळशी घेऊन चालायचं असतं," मी म्हटलं. "परंपरा आहे."

"किती वर्षांची?"

परंपरा अकरा वर्षांची होती. मंडळच अकरा वर्षांचं होतं.

"हे बघा," सुशीला म्हणाली आणि आता तिने मान वर केली, "पदयात्रा जन्मात एकदाच मिळणार. त्या एका दिवशी मी दांडी हातात धरणार. बाकी पिठलं-भाकरी रांधा, शेड झाडा, तुमची पथ्यं सांभाळा, सगळं करते. पुंडलिकरावांशी तुम्ही बोला. जावई आहात, तुमचं ऐकतील."

जावयाचं ऐकतात, हा समज कुणी पसरवला ठाऊक नाही. जावयाला ऐकवतात, तेही चहा देऊन. अध्यक्ष पुंडलिकरावांनी मला चहा दिला. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "जावईबापू, प्रस्ताव चांगला आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवू."

मी आयुष्यभर सरकारी खात्यात काढलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण काही अर्जदार अजून माझ्या शोधात आहेत. पण "प्रस्ताव चांगला आहे" हे वाक्य मी स्वतः इतक्या लोकांना ऐकवलं आहे की त्याचा अर्थ मला झोपेतही कळतो.

"काय म्हणाले?" सुशीलाने विचारलं.

"चांगला आहे म्हणाले."

"म्हणजे नाही."

इतकी वर्षं सरकारी माणसाशी संसार केल्यावर बाईलाही ते कळू लागतं.

निघायच्या आधी सोसायटीने आम्हाला सल्ले दिले. आमच्या खालच्या मजल्यावर मंदाकिनीबाई राहतात. त्या सल्ला विकत नाहीत, पण घेतल्याशिवाय जाऊही देत नाहीत.

"वाघोलीला चाललात? मग इन्शुरन्स उतरवला असेल."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"तेवढ्यात काय होत नाही? खाणीत साप असतात. माझ्या जावेच्या भावाला तिकडे विंचू चावला. बरा झाला, पण तेव्हापासून कविता करतो."

"आम्ही काळजी घेऊ."

"आणि सुशीलाबाई, गाडी ओढायची म्हणताय म्हणे? छान. माणसाला काहीतरी हौस असावी. आमचे हे सकाळी दुधाची पिशवीसुद्धा उचलत नाहीत, तुम्ही आख्खी गाडी उचला." एवढं बोलून त्यांनी माझ्या कंबरेकडे पाहिलं आणि माझ्या कंबरेविषयी काहीच बोलल्या नाहीत. तो सर्वांत मोठा अपमान होता.

शेडमध्ये पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे गाडी नाही. होती, पण वाळवीने खाल्ली होती. चाकांच्या लोखंडी धावा तेवढ्या शिल्लक होत्या आणि त्याही कुणीतरी भंगारात विकायला म्हणून बाजूला काढून ठेवल्या होत्या. मंडळाला कळवलं. मंडळाने कळवलं, की सेवेकरी जोडप्याने आपल्या स्तरावर व्यवस्था करावी. 'आपल्या स्तरावर' हे शब्द सरकारी भाषेतून समाजात पसरले, यात माझ्यासारख्यांचाही थोडा वाटा आहे. त्याची फळं भोगायला मी मार्केट यार्डला गेलो.

मार्केट यार्डात बैलगाडी मिळाली नाही. एका व्यापाऱ्याने हमालांची जुनी लाकडी हातगाडी दिली, वर "घेऊन जा, परत आणू नका" असं प्रेमाने बजावलं. ती टेंपोत घालून वाघोलीला आणली, तेव्हा सुशीला फळीच्या बाजूचा मजकूर मोठ्याने वाचू लागली. "कांदा, बटाटा, लसूण यांचे होलसेल व्यापारी व कमिशन एजंट. उधारी बंद आहे."

"रंग मारून घेऊ," मी म्हणालो.

"राहू द्या. दुष्काळातून आलेली माणसं. कुणी उधार मागायला नको."

बैल गेनबांचा होता. गेनबा म्हणजे शेजारच्या वावराचे मालक. अर्धं वावर बिल्डरला देऊन बसलेले आणि उरलेल्या अर्ध्यात बैल बांधून बिल्डरकडे बघत बसणारे. समोरच त्यांच्या विकलेल्या जमिनीवर बोर्ड होता, 'स्पॅनिश व्हिलाज, जगा राजासारखे'. गेनबांनी आमच्या हातगाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्याला बैल जुपायचा?"

"हो."

"बैल हसंल."

"पाव मैलच. मग तो मेला असं दाखवायचं."

गेनबांचा चेहरा बदलला. "काय दाखवायचं?"

मी दुष्काळाची, सात कुटुंबांची, कोंडीरामांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. गेनबांनी सगळी शांतपणे ऐकली.

"पावनं, तुमचा बैल मेला आसंल. माजा न्हाई मरनार."

"अहो, नुसतं समजायचं."

"समजायचं बी न्हाई. अभद्र बोलू नगा त्याच्या म्होरं. त्याला समदं कळतंय."

दोन दिवस या विषयावर वाटाघाटी झाल्या. सुशीलाने गेनबांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या. मी दुष्काळ थोडा सौम्य करून सांगितला. शेवटी असं ठरलं, की बैल मरणार नाही, थकेल. ठरलेल्या जागी तो थांबेल, त्याला सन्मानाने सोडण्यात येईल आणि पेंड घालून बाजूला बांधण्यात येईल. त्या काळात बँकाबँकांतून माझे मित्र अशाच प्रकारे बाजूला झाले होते. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. त्यांनाही कुणी थकलात का म्हणून विचारलं नव्हतं. पेंड मात्र बरी मिळाली.

आता राहिली परवानगी. पदयात्रेचा थोडा भाग हमरस्त्यावरून जायचा. आधीच्या वर्षांत त्या रस्त्यावर दोन एसट्या आणि एक टांगा असायचा, म्हणून कुणी परवानगी घेतली नव्हती. आता तिथे कॉलेजांच्या बसेस, खडीचे डंपर आणि मोटारी यांची अशी रांग असायची की, रस्ता ओलांडण्यापेक्षा पलीकडच्या बाजूला नवीन घर घेणं सोपं वाटावं. पुंडलिकरावांनी फोनवर सांगितलं, "परवानगीचं तुम्ही बघा जावईबापू. ते तुमचं क्षेत्र."

ते माझं क्षेत्र होतं, हे खरं. मी इस्त्रीचा शर्ट घालून चौकीत गेलो. टेबलामागच्या जमादारांनी अर्ज वाचला.

"मोर्चा आहे का?"

"नाही."

"मागण्या काय?"

"मागण्या नाहीत."

"मग लोक कशाला चालणार?"

"पूर्वज चालले होते म्हणून."

जमादारांनी मला बसायला सांगितलं. माणूस बरा नाही असं वाटलं की सरकारी माणूस बसायला सांगतो. मीही सांगायचो.

"हे बघा," ते म्हणाले, "मोर्चाला मागणी लागते आणि ती कुणाकडे आहे ते लागतं. मिरवणुकीला मूर्ती लागते. आहे का?"

आमची मूर्ती सिमेंटच्या चौथऱ्यात पक्की केलेली होती. चौथरा काढायचा तर कोंडीराम घोट्यापासून तुटले असते.

"अंत्ययात्रा असेल, तर परवानगीच लागत नाही," जमादार मदतीच्या सुरात म्हणाले. "पण मयत पाहिजे."

आमच्याकडे फक्त बैल होता. आणि तोही मरायला तयार नव्हता.

"मग काय उरतं?"

"वरात उरते. लग्नसराई आहे, वरातीला कुणी हरकत घेत नाही. गाडी आहे, माणसं आहेत, बायका गाणी म्हणणार आहेत. वरातच की ही."

मी क्षणभर विचार केला. हवा तो रकाना उपलब्ध नसेल, तेव्हा उपलब्ध रकान्यात माणूस बसवायचा, हे मी उभ्या आयुष्यात केलं होतं. एकदा आमच्या साहेबांची बदली 'पूरग्रस्त' या सदराखाली झाली होती. पूर आला नव्हता, पण ते गेले. मी म्हणालो, "वरात लिहा."

परवानगी घेऊन शेडवर परत येताना मला इतकी धन्यता वाटत होती की, तशी निवृत्तीच्या निरोप समारंभातही वाटली नव्हती. सुशीलाला मी सगळं सांगितलं. ती परात घासत होती.

"म्हणजे पोलिसांना एका शब्दात पटवलंत."

"अनुभव असतो."

"आणि पुंडलिकरावांना?"

मी हातपंपावर पाणी आणायला गेलो. हातपंपाला पाणी नव्हतं, पण तिथे शांतता होती. नंतर पुन्हा एकदा मी पुंडलिकरावांना फोन केला, अगदी खडसावून म्हटलं, की निदान थोडं अंतर सुशीलाला ओढू द्या. ते म्हणाले, "सुशीलाताईंच्या भावनांची मंडळाला कदर आहे." म्हणजे पहिल्यापेक्षाही पक्कं 'नाही'. त्या दिवशी तिने भाकरी अशा थापल्या की आवाज समोरच्या स्पेनपर्यंत गेला.

पदयात्रेचा रविवार उजाडला. बसमधून मुलं उतरली. त्यांचा म्होरक्या शुभंकर, सुशीलाचा लांबचा भाचा, खराडीच्या एका कंपनीत कशाचा तरी लीड होता. सगळ्यांनी कोंडीरामाचं चित्र छापलेले टी-शर्ट घातले होते आणि रविवार असूनही बऱ्याच जणांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ होती. गेनबांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं.

"काका, सॉलिड लोकेशन आहे!" शुभंकर म्हणाला. "एकदम रॉ. आमच्या कंपनीने आउटबाउंड ट्रेनिंगला रिसॉर्ट घेतलं होतं, पण त्यात अशी ऑथेंटिक गैरसोय नव्हती."

"नेटवर्क येत नाही," मागून एक मुलगी म्हणाली. तिचं नाव चैताली.

"दुष्काळात नव्हतंच," सुशीला म्हणाली.

पुंडलिकराव रेशमी उपरणं घालून, मंडळाच्या बायकामाणसांचा ताफा घेऊन आले. त्यांनी कोंडीरामांवर भाषण केलं. त्यात 'पुरुषार्थ' हा शब्द इतक्या वेळा आला की गेनबांच्या बैलाने मान फिरवली. मी धोतर आणि पागोटं घालून उभा होतो. सुशीला नऊवारीत, डोक्यावर कळशी. कळशी रिकामी होती, पण तिचा चेहरा भरलेला होता. माझ्याकडे ती बघत नव्हती. सबंध संसारात ती माझ्यावर रागावली असेल तेव्हा बोलली आहे. न बोलण्याची ही पहिली वेळ, आणि मला त्याची सवय नव्हती.

पाव मैल बैलाने दिमाखात गाडी ओढली. ठरलेल्या बाभळीपाशी गेनबा म्हणाले, "थकला बरं का माजा राजा," आणि बैलाला सोडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बैलाने त्या स्वीकारल्या. मग मी दोन दांड्यांच्या मधे शिरलो, आडवी दांडी धरली, "हर हर महादेव" म्हटलं आणि उचलली.

कंबरेत काहीतरी झालं. काय झालं ते मी बऱ्याच डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला आहे. खुर्ची सरकवताना होतो तसला आवाज आतून आला. पण दीडशे घरांचे डोळे पाठीवर असताना माणूस 'आई गं' म्हणत नाही. मी दात आवळून चालत राहिलो. खरं तर गाडीला धरून उभा होतो आणि मागून मुलं ढकलत होती, म्हणून पुढे जात होतो. मागे बायका ओव्या म्हणत होत्या. सुशीलाचा आवाज त्यात नव्हता.

असे आम्ही हमरस्त्याला लागलो. आणि तिथे वाहतुकीच्या हवालदारांनी हात केला.

मागे डंपर थांबला. डंपरमागे कॉलेजची बस थांबली. हवालदारांनी कागद मागितला, मी कनवटीतून काढून दिला. त्यांनी तो वाचला, मग गाडीवरची कांदा-बटाट्याची पाटी वाचली, मग माझं पागोटं वाचलं.

"वरात आहे?"

"हो."

"नवरदेव कुठंय?"

पुंडलिकरावांनी घसा साफ केला. "वरात? कसली वरात? ही तर आमची..." इथे मला दिसलं, की यांनी आणखी एक शब्द उच्चारला तर परवानगी रद्द होणार, गाडी चौकीत जमा होणार आणि गेनबांचा बैल वाघोलीत कायमचा हसत राहणार.

"मी," मी म्हणालो. "मीच नवरदेव."

हवालदारांनी मला पागोट्यापासून धोतरापर्यंत पाहिलं.

"आणि नवरी?"

मी मागे वळू शकत नव्हतो. नुसतं बोट केलं. माझं बोट बरोबर सुशीलाकडे गेलं असावं, कारण कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उशिरा ठरलं?" हवालदारांनी विचारलं.

"ठरलं लवकर," मी म्हणालो. "वरातीला परवानगी आत्ता मिळाली."

हवालदारांनी मान डोलावली. सरकारी कामाला लागणाऱ्या वेळाबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण पुढच्या क्षणी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नवरदेव गाडी ओढतोय? नवरदेव बसतो. वरात असेल तर वरातीसारखी काढा, नाहीतर गाडी बाजूला घ्या. मागे रांग लागलीय."

"मला बसता येणार नाही," मी हळूच म्हणालो. "मला काहीच करता येणार नाही. कंबर गेली आहे."

"काका, चिल," शुभंकर म्हणाला, आणि चार मुलांनी मला उचलून गाडीवर ठेवलं. बसता येईना म्हणून आडवा ठेवलं. चैतालीने आपली सॅक माझ्या मानेखाली दिली. वर निळं आकाश होतं आणि स्पॅनिश व्हिलाजचा बोर्ड उलटा दिसत होता.

दांडी मोकळी झाली होती.

पुंडलिकराव उपरणं सावरत पुढे झाले. "मी घेतो. अध्यक्ष या नात्याने..."

"तुम्ही कोण?" हवालदार म्हणाले.

"अध्यक्ष."

"वरातीत अध्यक्ष नसतो. मागे व्हा."

मला वाटतं, त्या माणसाला आयुष्यात मागे व्हा असं प्रथमच कुणीतरी सांगितलं असावं, कारण ते झाले. आणि तेवढ्यात गाडीचं तोंड वर झालं. मी उशाकडे घसरलो. कशीबशी मान उचलून बघितलं, तर दोन दांड्यांच्या मधे सुशीला उभी होती. पदर खोचलेला होता.

"सुशीलाताई!" पुंडलिकराव मागून ओरडले. "अहो परंपरा! सभेपुढे विषय आहे! बायकांनी..."

सुशीला रागाच्या अगदी टोकाला गेली की तिच्या आजीची भाषा बोलते. पुण्यात जन्मलेली बाई, पण तेव्हा थेट वऱ्हाड बाहेर येतं.

"काहून जी? बैल थकला, नवरा थकला. आता गाडी कोन ओढन? तुमची सभा?"

मुलांमधे कुणीतरी शिट्टी वाजवली. मागचा डंपर हॉर्न देऊ लागला. हवालदार मात्र गोंधळले होते. नियमाप्रमाणे नवरदेव बसला होता, म्हणजे झोपला होता; पण पुढचं त्यांच्या नियमात कुठेच नव्हतं.

"नवरी ओढणार गाडी?" त्यांनी मला विचारलं.

पुंडलिकराव माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत सबंध मंडळ होतं, सर्वसाधारण सभा होती, पुढल्या सगळ्या लग्नकार्यांत मला मिळणारी पाटाची जागा होती. सुशीला मात्र मागे वळली नव्हती. तिची फक्त पाठ दिसत होती आणि दांडीवर आवळलेल्या मुठी. ती वाट बघत होती. मी काय बोलतो त्याची.

"हो," मी मोठ्याने म्हणालो, दुखत होतं तरी. "आमच्या घराण्यात तशीच पद्धत आहे. पहिल्यापासून."

"घराणं तुमचं नाही!" पुंडलिकराव किंचाळले.

"नवरीकडची पद्धत," मी हवालदारांना समजावलं. "मूळपुरुषाच्या पायाला कुरूप होतं."

हवालदारांनी कागदाची घडी घालून माझ्या छातीवर ठेवली. "पद्धत असेल, तर चालू द्या. लवकर घ्या." आणि त्यांनी हात आडवा करून समोरून येणारी सगळी वाहतूक थांबवली.

गाडी निघाली. पहिले काही क्षण ती हललीच नाही, सुशीला नुसती वाकली आणि चाकं कुरकुरली. मग चैताली येऊन तिच्या शेजारी दांडीला लागली. तिच्यामागून आणखी दोन मुली कळशा फेकून आल्या. "बॉईज, तुम्ही पाणी घ्या," कुणीतरी म्हणालं आणि शुभंकर खरंच कळशी डोक्यावर घेऊन चालू लागला. बसमधली कॉलेजची मुलं खिडक्यांतून नवीन कॅमेऱ्याचे मोबाईल काढून फोटो घेत होती. एका रिक्षावाल्याने नवरदेवाला नमस्कार केला. मी आडव्यानेच परत केला. गाडी खड्ड्यातून गेली, की माझ्या तोंडून जे निघत होतं, त्याला मागच्या बायका ओवी समजून साथ देत होत्या.

सुशीलाने एकदाही थांबा म्हटलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मधेच तिने मुलींना काही विचारलं, त्या हसल्या, मग ती हसली. माहेरी गेल्यावर हसते तसं. ते हसू कर्वेनगरला फार क्वचित येतं.

देवळापाशी गाडी टेकली. पुंडलिकराव आमच्याआधी रिक्षाने पोचले होते आणि मंडळाच्या लोकांना काहीतरी समजावत होते. कुणी ऐकत नव्हतं, सगळे गाडीभोवती होते. सुशीलाने दांडी सोडली आणि तळहात उघडून बघितले. ते लाल झाले होते, एका ठिकाणी कातडं निघालं होतं. तिने ते पदराला पुसले आणि माझ्या उशाशी येऊन उभी राहिली.

मला खूप काही बोलायचं होतं. अशा वेळी नेमकं जे बोलू नये तेच बोललं जातं.

"जड होती का गं गाडी?"

सुशीलाने मला नीट न्याहाळलं. पागोट्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत.

"गाडी नव्हती जड," ती म्हणाली. "कौशल्याबाईच्या गाडीत निदान कामाची भांडी तरी असतील."

आणि मला उठवायला तिने तोच सोललेला हात पुढे केला.